टोनी आयोमीचा आवाज: तुटलेल्या बोटांच्या गोष्टीत न मावणारा इतिहास

हेवी मेटल, म्हणजे जड, कर्कश गिटारच्या रॉक संगीताच्या जन्माची एक गोष्ट बहुतेक गिटारवाल्यांना तोंडपाठ असते. बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात टोनी आयोमीच्या बोटांची टोकं तुटली, म्हणून त्यानं गिटारच्या तारा सैल केल्या, सूर खाली गेला आणि मेटल जन्माला आलं. गोष्ट मनात ठसते खरी, पण सनावळी मांडून बघितली की ती मधेच अडकते. अपघात १९६५चा. आयोमीचा बँड ब्लॅक सॅबथ, त्याचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७०चा, आणि त्यात गिटार नेहमीच्याच सुरात लावलेली आहे. तारा तीन अर्धस्वर खाली आल्या त्या १९७१मध्ये, तिसऱ्या अल्बमवर. म्हणजे पहिल्या दोन अल्बममधला तो जड, दाबून टाकणारा आवाज सैल तारांमुळे आलेला नाही. तो कुठून आला हे समजून घ्यायचं तर गिटार, पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारा भाग), एक छोटी पेटी आणि एक ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) यांच्याकडे बघावं लागतं. अपघाताचा वाटा त्यात मोठा आहे, पण लोक समजतात तसा सरळ नाही.

आयोमीचा जन्म १९४८चा. तो ॲस्टन भागात वाढला. चहूकडे कारखाने, आणि शाळा सुटली की पोरांनी तिथेच कामाला लागायचं, अशी वस्ती. तो पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. सतराव्या वर्षी बँडबरोबर बाहेर पडायचं ठरलं आणि त्यानं नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी दुपारी जेवायला घरी आल्यावर परत जायची त्याची इच्छा नव्हती; आईनं दिवस पुरा करून ये म्हणून पाठवलं. त्या दिवशी प्रेसवरचं माणूस कामाला आलेलं नव्हतं, म्हणून यालाच मशीनवर उभं केलं. प्रेस हातावर आला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोकं गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे गेला तो तारा दाबायचा हात.

हाताला पट्ट्या असताना कारखान्यातल्या एका वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगो हा फ्रान्समधला जिप्सी गिटारवादक. १९२८ साली त्याच्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली. पुढचं वादन त्यानं मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर उभं केलं. ती रेकॉर्ड ऐकून आयोमीनं पुन्हा गिटार हातात घेतली, हे तो स्वतः अनेकदा सांगत आला आहे. पण धीर आला म्हणून बोटाच्या उघड्या टोकावर पोलादी तार दाबता येत नाही. मग त्यानं भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, त्याचे गोळे केले, घासून घासून बोटांवर बसतील अशी अंगुस्तानं बनवली आणि वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. चामडं महत्त्वाचं, कारण नुसतं प्लास्टिक तारेवरून घसरतं. हा उपाय कुठल्या डॉक्टरनं सुचवलेला नव्हता. रोज पत्रा कापणाऱ्या आणि जोडणाऱ्या पोराला सुचेल असाच तो होता, आणि आयोमीच्या पुढच्या सगळ्या सामानामागे मला हीच वृत्ती दिसते.

अंगुस्तानाला स्पर्श कळत नाही. तार किती दाबली गेली हे बोटाला नाही, कानाला विचारावं लागतं. जाड तार वाकवायची तर टोपी निसटते. तेव्हा दुकानात मिळणारे तारांचे संच जाड असत, म्हणून आयोमीनं बँजोच्या बारीक तारा गिटारला लावून पाहिल्या. तारा बनवणाऱ्या कंपन्यांकडे गेला तर अशा तारा चालणार नाहीत, खपणारही नाहीत असं उत्तर मिळालं. शेवटी वेल्समधल्या पिकाटोनं त्याला हलके संच करून दिले. त्यातली सर्वांत पातळ तार ०.००८ इंचाची, म्हणजे जेमतेम ०.२ मिलिमीटर.

इथे गोष्टीतला खरा पेच आहे. पातळ तार हाताला सोपी, पण तिचा आवाजही बारीक. अपघातानं थेट जे दिलं ते हलकेपण होतं. जडपण नंतर, वेगळ्या वाटेनं मिळवावं लागलं.

ऑक्टोबर १९६९मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला. निर्माता रॉजर बेन. तोवर आयोमीची मुख्य गिटार फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती. पहिलं गाणं झालं आणि तिचं पिकअप बंद पडलं. राखीव म्हणून आणलेली लाल गिब्सन एसजी स्पेशल बाहेर निघाली आणि बाकीचा अल्बम तिच्यावर झाला. ही १९६५ची डावखुरी गिटार मिळाल्याची कथाही वेगळीच आहे. आयोमीकडे उजव्या हाताची एसजी होती, ती तो उलटी धरून वाजवायचा; आणि एका उजव्या हाताच्या वादकाकडे डावखुरी एसजी होती, तोही ती उलटीच वाजवायचा. दोघांनी अदलाबदल केली. वाद्यावर माकडाचं स्टिकर होतं, त्यावरून तिचं नावच ‘मंकी’ पडलं.

स्ट्रॅटची पिकअप चकचकीत, वरच्या सुरांची. एसजी स्पेशलवर गिब्सनची पी-९० होती. एकाच वेटोळ्याची, पण मधल्या पट्टीत भरदार. मोठ्या आवाजात ती गुणगुणायची आणि शिट्टी घालायची. बर्मिंगहॅमचा गिटार कारागीर जॉन बर्च यानं मानेकडचं पिकअप स्वतःच्या बनावटीचं बसवलं, आणि ब्रिजकडच्या (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथल्या) पी-९०चं वाइंडिंग नव्यानं होऊन ते धातूच्या झाकणात बंद झालं. आवाज वाढवायला आता मोकळीक मिळाली.

त्यानंतरची कडी म्हणजे डॅलस रेंजमास्टर. पायानं दाबायचं पेडल नव्हे, ॲम्पच्या डोक्यावर ठेवायची राखाडी पेटी. एक खटका, एक बटण, आत ९ व्होल्टची बॅटरी आणि एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. १९६०च्या दशकाच्या मध्यात ही पेटी विकायला आली ती जुन्या मंद ॲम्पना थोडी चमक यावी म्हणून. ती खालचे सूर जवळजवळ तसेच सोडते आणि वरचे खूप वाढवते. चमक आणणारी पेटी घेऊन जगातला सर्वांत काळोखा आवाज कसा निघाला, हा प्रश्न पडणं साहजिक आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं मर्म इथेच आहे.

व्हॉल्व्हचा ॲम्प त्याच्या क्षमतेबाहेर ढकलला की लहरींचे माथे छाटले जातात. डिस्टॉर्शन म्हणतात ते हेच. खर्जाच्या लहरी आकारानं मोठ्या, त्यामुळे त्या आधी छाटल्या जातात आणि वरचे सूर स्वतःबरोबर बुडवतात. आवाज भसाडा होतो, रिफमधला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरओळीतला, एकेक ठोका ओळखू येत नाही. म्हणून ॲम्पमध्ये शिरण्याआधीच खर्ज मागे ठेवून वरचा भाग पुढे ढकलायचा. मग छाटणी नीट कडेनं होते, प्रत्येक आघात वेगळा उमटतो, आणि हरवलेला खर्ज चार बारा इंची स्पीकरचं खोकं आणि बास गिटार भरून काढतात. आयोमीनं आपली पेटी एका ओळखीच्या माणसाकडून आतून बदलून घेतली होती. ती मूळ पेटी पुढे कायमची हरवली. आत नेमकं काय बदललं होतं याचा शोध घेत आजही कारागीर तिच्या नकला करतात.

ॲम्प होता लेनीचा, एलए१००बीएल, १०० वॉटचा. लिंडन लेनी हा त्याच मुलखातला बासवादक. पुढे लेड झेपेलिन या बँडमध्ये गाजलेल्या रॉबर्ट प्लांट आणि जॉन बॉनम यांच्याबरोबर बँड ऑफ जॉयमध्ये वाजवलेला. १९६७ साली वडिलांच्या गॅरेजमध्ये त्यानं ॲम्प बांधायला सुरुवात केली आणि ब्लॅक सॅबथ हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी. मार्शल या नावाजलेल्या ॲम्प कंपनीच्या मानानं तेव्हा लेनीचं नाव काहीच नव्हतं. पण गिटार दुरुस्त करणारा बर्च, ॲम्प बांधणारा लेनी आणि वाजवणारा आयोमी तिघंही एकाच कारखानी मुलखातले. हा आवाज लंडनच्या दुकानात तयार मिळाला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

आता वादनाकडे. डिस्टॉर्शनमध्ये भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले अनेक सूर, चालत नाही. षड्ज आणि गंधार एकत्र छाटले गेले की त्यांच्यातून नको ते सूर निघतात आणि गढूळ होतं. षड्ज-पंचम मात्र स्वच्छ राहतात, उलट त्यांच्या खाली एक जादा खर्ज ऐकू येतो. तंबोऱ्याच्या सवयीच्या कानाला याचं नवल वाटणार नाही. ज्याच्या चारपैकी दोन बोटांना स्पर्शच नाही, त्याला हा दोन सुरांचा पॉवर कॉर्ड सोयीचा होता, आणि थोड्या बोटांत जास्तीत जास्त भरीव आवाज काढायचा हा त्याचा ध्यासच होता. बासवर गीझर बटलर. तो मुळात गिटारवादक, त्यामुळे गिटारची रिफ तो खाली तशीच्या तशी वाजवायचा. पातळ तारांना हवं असलेलं वजन मिळालं ते असं. बँडच्याच नावाचं पहिलं गाणं ऐकताना फक्त गिटारकडे लक्ष द्या: आधी सा, मग वरचा सा, आणि मग तीव्र मध्यमावर येऊन तो थरथरत राहतो. तीनच सूर. पंचमाच्या उंबऱ्याशी येऊन आत न गेल्यासारखं वाटतं.

तारा खाली उतरल्या त्या यानंतर. १९७१च्या अल्बममधल्या काही गाण्यांत खालची तार ‘ई’वरून ‘सी शार्प’वर आली, ८२.४ हर्ट्झवरून ६९.३वर. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तीन अर्धस्वर उतरवले की ताण जवळपास ३० टक्के घटतो. दुखऱ्या बोटांना हा मोठा आराम. पण तोवर दोन अल्बमभर घडवलेला आवाज हाताशी होता, म्हणून सैल तारा फडफडल्या नाहीत, गुरगुरल्या. १९६५ साली त्याच तारा सैल केल्या असत्या तर काहीच झालं नसतं.

पुढचं थोडक्यात. बर्चकडे काम केलेला आणि बँडबरोबर दौऱ्यांवर गेलेला जॉन डिगिन्स यानं १९७५मध्ये आयोमीसाठी २४ फ्रेटची (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जेडी ही गिटार बनवली. फ्रेटबोर्डवर क्रॉस असलेली ही गिटार १९८०च्या दशकात त्याची मुख्य गिटार झाली. पायानं आवाजाचा पोत बदलणारं वाह पेडल अधूनमधून, तेही मोजकंच. १९९०च्या दशकात गिब्सननं त्याच्या नावाचं हंबकर, म्हणजे गुणगुण दाबणारं दोन वेटोळ्यांचं पिकअप काढलं आणि लेनीनं त्याच्या नावाचा ॲम्प. या ॲम्पमध्ये पुरेसा गेन, म्हणजे डिस्टॉर्शन होईल इतकी वाढ, आतच होता, तेव्हा पेटीची गरज उरली नाही असं वाटू शकतं.

मेटलवाल्यांनी मात्र खर्ज मागे ठेवून वरचे सूर पुढे ढकलायची ती युक्ती सोडली नाही. आजही स्टुडिओत भरपूर गेनच्या ॲम्पपुढे हिरवा ट्यूब स्क्रीमर हे डिस्टॉर्शनचं पेडल लावतात, ड्राइव्ह (डिस्टॉर्शनचं बटण) जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल (बाहेर जाणाऱ्या आवाजाचं बटण) पूर्ण वर. नवख्याला वाटतं, डिस्टॉर्शनचं पेडल घेऊन डिस्टॉर्शनच बंद का ठेवलं? तर हे पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग मागे ठेवतं आणि उरलेला जोरात ॲम्पमध्ये ढकलतं. सात तारांच्या गिटारवर खर्जातली रिफ तुटक आणि स्पष्ट हवी असेल, तर पहिल्यांदा हेच करतात.