ब्लीचचे नवे एपिसोड आणि त्यामागची वीस वर्षं

ब्लीच या जपानी अ‍ॅनिमेचा, म्हणजे अ‍ॅनिमेशन सिरीजचा, शेवटचा भाग थाउजंड इयर ब्लड वॉर, त्याच्या कुठल्याही नव्या एपिसोडचे रिव्ह्यू वाचा, दोन वाक्यं हमखास सापडतात. एक, अ‍ॅनिमेशन काय भारी केलंय. दुसरं, हे मंगात, म्हणजे मूळ जपानी कॉमिकमध्ये, नव्हतंच. दोन्ही खरं आहे, पण दुसरं वाक्य बरेच जण तक्रार म्हणून लिहितात आणि तिथे मला थांबावंसं वाटतं, कारण मंगात जे नव्हतं ते का नव्हतं आणि आता ते का येतंय हे माहीत नसेल तर या एपिसोडचं मोजमापच चुकतं. म्हणून जरा मागे जाऊन सगळं सांगतो. ज्यांनी अजून बघितलं नाही त्यांनी सांभाळून वाचा, पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत.

लेखक-चित्रकार टिटे कुबोचं ब्लीच, म्हणजे शिनिगामींची (मृतात्म्यांशी संबंधित योद्ध्यांची) ताकद मिळालेल्या इचिगो नावाच्या मुलाची गोष्ट, ऑगस्ट २००१ मध्ये वीकली शोनेन जंप या मंगाच्या साप्ताहिकात सुरू झालं. त्याआधीची त्याची झोंबीपावडर ही सिरीज जेमतेम चार व्हॉल्यूम चालून बंद पडली होती, आणि ब्लीचचा पहिला प्रस्तावसुद्धा जंपने आधी नाकारलेला, तेव्हा ड्रॅगन बॉलवाल्या अकिरा तोरियामाने त्याला धीर देणारं पत्र लिहिलं होतं. मग सिरीज लागली आणि अशी चालली की वन पीस, नारुतो आणि ब्लीच या तिघांना मिळून जगभरचे फॅन बिग थ्री म्हणायला लागले.

जंपमध्ये काम करायचं म्हणजे काय हे समजून घेणं इथे फार गरजेचं आहे. दर आठवड्याला एकोणीसच्या आसपास पानं, एखाददुसरी सुट्टी सोडली तर वर्षभर, आणि वाचक साप्ताहिकातलं पोस्टकार्ड भरून कुठली सिरीज आवडली ते कळवणार, त्यावर तुमचं भवितव्य ठरणार. कुबोची चित्रं काढायची पद्धतही वेगळी. मोठे मोठे पॅनल, मागे पांढरी मोकळी जागा, पानभर एकच चेहरा किंवा एकच तलवार, संवाद मोजका. वाचायला हे जबरदस्त वाटतं, पण चॅप्टर पाच मिनिटांत संपतो. आता याच चॅप्टरवरून वीस-बावीस मिनिटांचा एपिसोड करायचा तर किती चॅप्टर लागतील याचा हिशोब करा आणि पुढची सगळी गोष्ट तिथेच कळते.

पहिला अ‍ॅनिमे ऑक्टोबर २००४ ला टीव्ही टोकियोवर सुरू झाला. स्टुडिओ पिएरो, दिग्दर्शक नोरियुकी आबे, ज्याने त्याआधी नव्वदच्या दशकात यू यू हाकुशो केलं होतं. म्युझिक शिरो सागिसुचं, म्हणजे इव्हँजेलियनवाला. त्या काळात लाँग रनिंग शोनेनची, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या लांब चालणाऱ्या सिरीजची, एकच पद्धत होती, दर आठवड्याला एपिसोड आणि तोही न थांबता. ही सवय १९६३ पासूनची, तेव्हा तेझुकाच्या अ‍ॅस्ट्रो बॉयने दर आठवड्याला अर्ध्या तासाचा अ‍ॅनिमे देता येतो हे दाखवलं, कमी ड्रॉइंग, स्थिर चित्रं, तीच पोझ परत परत वापरून. ड्रॅगन बॉल झी आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर बघितलेल्या पिढीला नामेक ग्रह फुटायला उरलेली ती पाच मिनिटं आठवत असतील, जी एपिसोडमागून एपिसोड संपतच नव्हती. ते असं व्हायचं कारण अ‍ॅनिमे मंगाच्या अगदी पाठीवर येऊन उभा राहायचा आणि पुढे काही उरलेलंच नसायचं.

ब्लीचला हा त्रास फार लवकर झाला. सोल सोसायटीचा, म्हणजे शिनिगामींच्या दुनियेतला, आर्क (कथेचा मोठा टप्पा) झाला, फितूर कॅप्टन आईझेनचा डाव उघड झाला, सगळ्यांना पुढचं बघायचंय आणि एपिसोड ६४ पासून बाउंट आर्क सुरू, जो मंगात नाहीच. तो १०९ पर्यंत चालला. म्हणजे जवळजवळ वर्षभर फिलर, मंगा पुढे जाईपर्यंत वेळ काढायला घातलेले एपिसोड. त्याहून वाईट म्हणजे पुढचा. इचिगो आणि त्याचा शत्रू ग्रिमजॉ यांची फाइट संपते, नवा शत्रू नोइतोरा समोर येतो, आणि १६८ व्या एपिसोडला कथा सरळ सोडून भलताच नवा कॅप्टन अमागाई आणला, १८९ पर्यंत. हुएको मुंडोत, म्हणजे शत्रूच्या दुनियेत, जखमी झालेला माणूस तिथेच पडलाय आणि आपण वेगळंच काहीतरी बघतोय. त्यानंतर झानपाकुतोंच्या, म्हणजे शिनिगामींच्या तलवारींच्या, बंडाचा आर्क, तो मला खरंच आवडतो कारण तलवारींना व्यक्ती म्हणून समोर उभं करायची कल्पना चांगली होती आणि त्यांचे डिझाइन स्वतः कुबोने दिलेले, आणि शेवटी गोतेई १३ इन्व्हेडिंग आर्मी. हे चारच आर्क धरले तरी १३० च्या आसपास एपिसोड होतात, एकूण ३६६ पैकी.

मार्च २०१२ मध्ये अ‍ॅनिमे बंद झाला. फुलब्रिंग आर्क संपला आणि तिथेच पडदा. गंमत बघा, मंगाचा शेवटचा आर्क त्याच वर्षाच्या सुरुवातीला सुरू होत होता, चॅप्टर ४८०, म्हणजे अ‍ॅनिमेकडे दाखवायला आता काही शिल्लकच नव्हतं, आणि परत वर्षभर फिलर करायची कोणाची तयारी नव्हती. टीआरपी, डीव्हीडीची विक्री, फॅन लोकांचा कंटाळा यांवर बरंच बोललं गेलंय, पण मला मूळ कारण हे पानांचं आणि मिनिटांचं गणितच वाटतं. ज्या वेगाने मंगा पुढे जात होता त्या वेगात न थांबता चालणारा अ‍ॅनिमे बसतच नव्हता.

आता मंगाचं काय झालं ते. थाउजंड इयर ब्लड वॉर हा आर्क चॅप्टर ४८० ते ६८६, व्हॉल्यूम ५५ ते ७४, ऑगस्ट २०१६ ला शेवट. पहिला अर्धा भाग जबरदस्त आहे, शिनिगामींचा सर्वोच्च कमांडर यामामोतोचा मृत्यू, उनोहाना आणि झाराकी या कॅप्टनांची लढाई, इचिगोच्या आईवडिलांची गोष्ट, त्याच्या तलवारीचं खरं रूप. आणि मग हळूहळू घाई दिसायला लागते. पात्रं एकदम गायब होतात, राजाचे रक्षक असलेल्या रॉयल गार्डसारखे ज्यांची एवढी हवा केली ते बघता बघता हरतात आणि त्यांची ताकद काय होती तेच कळत नाही, मुख्य शत्रू युहाबाखबरोबरची शेवटची लढाई काही चॅप्टरमध्ये आटोपते, आणि थेट दहा वर्षांची उडी. तेव्हा मंगा वाचणाऱ्यांचा राग मला अजून आठवतो. कुबोने नंतर सांगितलं की त्या काळात त्याची तब्येत फार खराब होती. पंधरा वर्षं आठवड्याला चॅप्टर देऊन थकलेला माणूस तो. त्यामुळे छापलेला शेवट म्हणजे त्याच्या डोक्यातला पूर्ण शेवट असं मी मानत नाही. त्या तब्येतीत आणि त्या वेळापत्रकात जेवढं कागदावर उतरलं तेवढं छापलं गेलं.

मधल्या काळात अ‍ॅनिमे बनवायची पद्धतच बदलली. अटॅक ऑन टायटन २०१३ मध्ये आलं आणि थांबत थांबत, सीझनमध्ये, वर्षं मध्ये टाकून पूर्ण केलं. माय हिरो अ‍ॅकॅडेमिया २०१६ पासून सीझनमध्ये. २०१९ ला डीमन स्लेयरच्या एकोणिसाव्या एपिसोडने दाखवून दिलं की टीव्हीवरच्या एका एपिसोडला सिनेमासारखं काम केलं तर लोक जगभर वेडे होतात, आणि त्याच डीमन स्लेयरचा इन्फिनिटी कॅसल सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडच्या थिएटरमध्ये हिंदी, तमिळ, तेलुगू डबसकट लागला. या सगळ्यामागे स्ट्रीमिंगचा पैसा आहे, परदेशी प्रेक्षक आहे. जपानमधल्या टीव्ही चॅनलचा आठवड्याचा स्लॉट भरायचा ही मुख्य गरज आता राहिली नाही. अगदी वन पीससुद्धा, जो १९९९ पासून वर्षभर चालायचा, त्यानेही २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ एपिसोड करायचं ठरवलं. फॅन ज्याला कूर म्हणतात, तीन महिन्यांचा एक तुकडा, बारा-तेरा एपिसोड, तोच आता सगळ्याचा हिशोब झालाय.

या हवेत मार्च २०२० मध्ये ब्लीचच्या विसाव्या वर्षाच्या निमित्ताने घोषणा झाली की शेवटचा आर्क अ‍ॅनिमेट होणार. ऑक्टोबर २०२२ ला पहिला एपिसोड आला, म्हणजे दहा वर्षांहून मोठा गॅप. स्टुडिओ तोच पिएरो, पण दिग्दर्शक नवा, तोमोहिसा तागुची, ज्याने अकुडामा ड्राइव्ह केलं होतं, आणि अकुडामा बघितलेल्यांना ब्लीचमधला तो अंधार, लाल-काळे रंग, सिनेमासारखं फ्रेमिंग कुठून आलं ते लगेच ओळखू येतं. कॅरेक्टर डिझाइनला जुना मासाशी कुदो, म्युझिकला सागिसु, इचिगोचा आवाज परत मासाकाझु मोरिता. यामामोतोचा मूळ आवाज देणारे मासाआकी त्सुकादा २०१४ मध्ये गेले होते त्यामुळे तिथे नवीन आवाज आला, आणि ज्या आर्कमध्ये यामामोतोचा सगळ्यात मोठा सीन आहे तिथेच ते नाहीत याचं मला खरंच वाईट वाटलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुबो स्वतः यात आहे. स्क्रिप्ट बघतोय, नवीन सीन देतोय. पहिल्या कूरमध्येच हजार वर्षांपूर्वीच्या मूळ गोतेई १३ ला, म्हणजे शिनिगामींच्या सेनेला, क्विन्सींशी (युहाबाखच्या लोकांशी) लढताना दाखवलं, मंगात ते जवळपास नव्हतंच, आणि त्या दोनतीन मिनिटांत यामामोतो म्हातारा शांत कमांडर नसून एके काळी काय चीज होता ते कळतं, त्यामुळे त्याचा मृत्यू जास्त लागतो. दुसऱ्या कूरच्या शेवटी, सप्टेंबर २०२३ मध्ये, रॉयल गार्डची लढाई आली. मंगात ती आटोपली होती, इथे रॉयल गार्डमधल्या सेंजुमारूची बांकाई, म्हणजे तलवारीचं सगळ्यात ताकदवान रूप, पूर्ण बघायला मिळाली, एकेका शत्रूला कापडात विणून टाकणारी, डिझाइनसकट सगळी नवी. मी तो एपिसोड लगेच परत लावला. सात वर्षं फॅन ज्या गोष्टीसाठी चिडून होते ती कुबोनेच परत येऊन पूर्ण केली.

म्हणूनच मी म्हणतो की हे मंगात नव्हतं हे वाक्य या सिरीजमध्ये तक्रार म्हणून चालत नाही. बाउंट आर्क मंगात नव्हता आणि सेंजुमारूची बांकाईही मंगात नव्हती, पण पहिलं वेळ काढायला केलेलं होतं आणि दुसरं लेखकाने राहिलेलं काम पूर्ण करायला केलेलं. रिव्ह्यू करताना हा फरक करायलाच पाहिजे. माझ्या मते नव्या एपिसोडला प्रश्न असा विचारावा की हा सीन २०१६ ला कशामुळे अर्धवट राहिला होता आणि आता तो उभा राहतोय का. पॅनल शेजारी पॅनल ठेवून जुळवाजुळव करण्यात काही हाती लागत नाही.

याचा अर्थ सगळंच छान असा नाही हां. वेग हा खरा प्रॉब्लेम आहे. जुन्या अ‍ॅनिमेत फिलर काढले तर एपिसोडला दोन-सव्वादोन चॅप्टर पडायचे, नव्याच्या पहिल्या कूरमध्ये साठच्या आसपास चॅप्टर तेरा एपिसोडमध्ये बसवले, म्हणजे दुप्पट. एकीकडे कंटाळा अजिबात येत नाही, दुसरीकडे ब्लीचची जी निवांत मजा होती, कोणीतरी फालतू जोक मारतोय, झाराकीची टीम भांडतेय, इचिगोचा बाप येडेपणा करतोय, ती कापली गेली. सुरुवातीच्या एपिसोडमध्ये कॅप्टन लोकांची बांकाई चोरली जाते तो धक्का मंगात चॅप्टरभर मुरतो, इथे श्वास घ्यायच्या आत पुढे. मंगातली कुबोची ती पांढरी मोकळी जागाही गेली, त्याऐवजी सगळं गडद, काही फाइटमध्ये इतकं की साध्या मोबाइल स्क्रीनवर दिवसा बघितलं तर कोण कुठे आहे कळत नाही. ज्याने कुबोची पानं प्रेमाने वाचली आहेत त्याला हे टोचणारच, आणि रिव्ह्यूत ते यायला हवं. याउलट उनोहाना-झाराकीचा एपिसोड बघा, तिथे मुद्दाम वेळ दिलाय, तलवारींचा आवाज आणि शांतता आलटून पालटून ठेवलीय. म्हणजे टीमला थांबता येतं, कुठे थांबायचं ते ती निवडतेय, आणि त्या निवडीवर बोलण्यासारखं बरंच आहे.

तिसरा कूर ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४, चौदा एपिसोड. इथून मंगाचा घाईचा भाग चालू होतो. कॅप्टन क्योराकूची बांकाई, कॅप्टन मायुरी आणि त्याची सहाय्यक नेमू यांचं प्रकरण, हे मंगातही चांगलंच होतं आणि इथे अजून सुंदर झालं. पण इथूनच नवीन मटेरियलचं प्रमाण वाढताना दिसतं, आणि मंगा वाचलेला आणि न वाचलेला असे दोघे एकाच ओळीत येतात, पुढच्या आठवड्यात काय होणार ते दोघांनाही नक्की माहीत नसतं. मंगा संपून आठ वर्षं झालेल्या सिरीजमध्ये असा सस्पेन्स तयार होणं मी तरी दुसरीकडे फारसं बघितलेलं नाही.

आता चौथा आणि शेवटचा भाग, द कॅलॅमिटी, २०२६ साठी जाहीर झालाय. त्याच्या वाट्याला मंगाचा सगळ्यात कच्चा तुकडा आलाय. युहाबाखची भविष्य बघायची आणि बदलायची ताकद, आईझेनचा त्यातला हात, इचिगोचा मित्र इशिदा याचा चांदीचा बाण, इचिगोच्या नव्या बांकाईचं रूप जे मंगात वापरण्याआधीच मोडलं गेलं. ती बांकाई नीट एकदा चालताना दाखवली पाहिजे, आणि इशिदा शत्रूच्या बाजूने का गेला होता याला दोनचार पॅनलपेक्षा जास्त जागा मिळाली पाहिजे. चौथ्या कूरचा पहिला एपिसोड लागेल तेव्हा मी आधी या दोन गोष्टी शोधणार आहे, अ‍ॅनिमेशनचं नंतर बघू.