लाल टोपण, नारिंगी टोपण : इन्सुलिन घेऊन परदेशी जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दिवाळीच्या आधी आणि पुन्हा मे महिन्यात बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "आम्ही फिरायला चाललोय, महिनाभराचे इन्सुलिन द्या." कोणी दुबईला, कोणी सिंगापूरला, कोणी स्वित्झर्लंडच्या टूरवर, तर कोणी न्यू जर्सीला मुलाकडे. काउंटरवर गर्दी असते, मागचे गिऱ्हाईक खोळंबलेले असते आणि सांगायच्या चार गोष्टी राहून जातात. म्हणून हे पत्रक. इन्सुलिनचा डोस ठरवणे तुमच्या डॉक्टरांचे काम आहे, त्यात आम्ही पडत नाही. बाटली, सुई, बॅग आणि घड्याळ यांबद्दल मात्र केमिस्टने बोललेच पाहिजे.

पहिले काम : टोपणाचा रंग बघा

बाकी सगळे विसरलात तरी एवढे लक्षात ठेवा. आपल्याकडे मिळणाऱ्या १० मिलीच्या बहुतेक बाटल्यांत दर मिलीला ४० युनिट इन्सुलिन असते. त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज येते आणि तिच्यावरच्या खुणा ४० च्या हिशोबाने असतात. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर इथे मात्र माणसांसाठीच्या बाटलीत दर मिलीला १०० युनिट असतात आणि सिरिंजचे टोपण नारिंगी असते.

आता समजा, तिकडे तुमची बाटली फुटली. स्थानिक दुकानातून नवी बाटली आणली आणि सवयीने आपल्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरली. त्या खुणेपर्यंत अर्धा मिली औषध येते. १०० च्या बाटलीतले अर्धा मिली म्हणजे ५० युनिट! अडीचपट डोस. शुगर इतकी खाली जाईल की माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलटे झाले, म्हणजे आपली ४० ची बाटली आणि तिकडची नारिंगी सिरिंज, तर २० च्या खुणेला फक्त ८ युनिट पोटात जातात. मग शुगर चढत राहते आणि का चढते तेच कळत नाही.

म्हणून बाटली वापरणाऱ्यांनी सिरिंज इथूनच पुरेशा न्याव्यात, मोजून, वर एक पाकीट जास्त. तिकडे ४० ची सिरिंज मिळेल या भरवशावर राहू नका. अमेरिकेत ती मिळते ती मुख्यतः कुत्र्या-मांजरांच्या इन्सुलिनसाठी. तिकडे नवी बाटली घ्यावीच लागली तर सिरिंजही तिकडचीच घ्या आणि पहिला डोस भरण्याआधी तिथल्या फार्मासिस्टला दाखवा.

इन्सुलिन पेन वापरणाऱ्यांना हा घोळ कमी, कारण आपल्याकडची बहुतेक पेनेही १०० चीच असतात. पण पेन अडकले म्हणून त्याच्या काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने औषध ओढणारे आम्ही इथे बडोद्यातही पाहिले आहेत. कृपा करून असे करू नका, घरी नाही आणि प्रवासातही नाही. काही पेनांत तर २०० किंवा ३०० ची ताकद असते. पेनचा काही भरवसा नसतो, म्हणून एक जादा पेन बरोबर असू द्या.

चिठ्ठी

डॉक्टरांकडून इंग्रजीत, टाईप केलेली चिठ्ठी घ्या. तिच्यावरचे नाव पासपोर्टवर आहे तसेच्या तसे हवे. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये असते आणि चिठ्ठीवर नुसते 'कुलकर्णी बेन', असे चालणार नाही. इन्सुलिनचे कंपनीने दिलेले नाव परदेशात कोणी ओळखेलच असे नाही. ग्लार्जिन, अस्पार्ट, लिस्प्रो, डेग्लुडेक असे मूळ औषधाचे नाव, ताकद आणि दिवसाचे युनिट लिहून घ्या. सुया, लॅन्सेट (बोट टोचायची सुई) आणि ग्लुकोमीटर (शुगर तपासायचे मशीन) बरोबर आहेत हेही त्यात यावे. एक प्रत पिशवीत, एक फोटो फोनमध्ये.

तळपायांची आग होते म्हणून पुष्कळ मधुमेहींना प्रीगॅबालिन दिलेले असते. संयुक्त अरब अमिरातीत हे नियंत्रित औषध आहे, तिथे नेण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. इन्सुलिनची अडचण नाही, पण या गोळीची होऊ शकते. दुबईला निघण्याआधी सगळ्या गोळ्यांची यादी आम्हाला दाखवा.

बॅगेत काय, कुठे

लागेल त्याच्या दुप्पट इन्सुलिन न्या. अर्धे तुमच्या हातातल्या पिशवीत, अर्धे बरोबरच्या माणसाच्या हातातल्या पिशवीत. चेक-इनच्या मोठ्या बॅगेत मुळीच नाही. ती बॅग उशिरा येते, कधी येतच नाही, आणि विमानाच्या पोटात औषध गोठू शकते. अहमदाबादला किंवा मुंबईला गाडीने जाताना डिकीत ठेवू नका. मे महिन्यात चहासाठी थांबलात तर पिशवी बरोबर घेऊन उतरा, बंद गाडी अर्ध्या तासात भट्टी होते.

सिक्युरिटी चेकला इन्सुलिन बाहेर काढून सांगा. हातातल्या पिशवीतल्या द्रव पदार्थांचा १०० मिलीचा नियम औषधाला तसा लागत नाही, चिठ्ठी दाखवा. इन्सुलिन एक्स-रेमधून गेले तरी बिघडत नाही. इन्सुलिन पंप किंवा दंडावरचा शुगर मोजणारा सेन्सर मात्र वेगळा. त्याच्या कंपनीची सूचना आधी वाचा आणि शंका असेल तर हाताने तपासणी मागा.

गार ठेवा, गोठवू नका

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण २५ ते ३० अंशांच्या आत बाहेर राहू शकते, बहुतेक प्रकार २८ दिवस, काही जास्त. आपल्या पाकिटावर काय लिहिले आहे ते बघा आणि उघडल्याची तारीख बॉलपेनने बाटलीवर लिहा.

बर्फाला किंवा गोठवलेल्या जेल पॅकला बाटली थेट टेकू देऊ नका, मध्ये नॅपकिनची घडी ठेवा. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले औषधही गोठते. काही हॉटेलांत खोलीचे कार्ड काढले की फ्रिज बंद पडतो. रिसेप्शनला विचारून घ्या.

पाण्यात भिजवायची, आतले स्फटिक फुगणारी पिशवी मिळते, ती बरी. तिचे तत्त्व आपल्या माठाचेच : पाणी उडते आणि आतले गार होते. म्हणून ती मोकळ्या हवेत राहिली पाहिजे, सुटकेसमध्ये कोंबली तर उपयोग नाही. सिंगापूर-बालीच्या दमट हवेत तिचा असर कमी होतो, जसा भर पावसाळ्यात माठ गार होत नाही. तिकडे जेल पॅक न्या.

स्वित्झर्लंडवाल्यांसाठी : युंगफ्राउयोख या बर्फाळ डोंगरावरचे रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. तिथे इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर दोन्ही कोटाच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. गारठलेले मीटर आकडा दाखवत नाही किंवा चुकीचा दाखवतो.

घड्याळ आणि जेवण

दुबई आपल्या दीड तास मागे, बँकॉक दीड तास पुढे. एवढ्या फरकाने सहसा फारसे काही बदलावे लागत नाही. लंडन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि न्यूयॉर्क साडेनऊ-साडेदहा तास मागे. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला जाताना आखडतो, आणि लांब असर करणाऱ्या इन्सुलिनचे गणित तिथेच चुकते. डॉक्टरांकडे जाताना तिकीट घेऊन जा : निघण्याची वेळ, मध्ये थांबा, पोचण्याची वेळ. डोसांचा कागद लिहून घ्या. विमानात हातातले घड्याळ बडोद्याच्या वेळेवरच राहू द्या, उतरल्यावर बदला.

विमानात जेवणाआधीचे इंजेक्शन ट्रे समोर आल्याशिवाय घेऊ नका. विमान हादरू लागले की वाढणे थांबते, आणि टोचून झालेले असते. डब्यात थेपले, खाकरा, दशम्या असू द्याच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरताना मात्र खाण्याचा प्रत्येक पदार्थ फॉर्मवर जाहीर करा.

फिरायला गेल्यावर माणूस रोजच्यापेक्षा खूप चालतो. सयाजीबागेतली सकाळची फेरी वेगळी आणि दिवसभर लंडन पायी बघणे वेगळे. शुगर ७० च्या खाली आली किंवा हात कापू लागले, घाम सुटला, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पावडरीचे सुमारे ३ चमचे पाण्यात, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी घेणाऱ्यांनी तर साखरही नाही, ग्लुकोजच घ्यावे, कारण ती गोळी साखरेचे पचन अडवते. ग्लुकोज खिशात ठेवा, बसच्या वरच्या कप्प्यात नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, हे बरोबरच्यांना आधीच सांगून ठेवा.

उलट्या-जुलाब झाले, जेवण गेले नाही, म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना फोन लावा.

इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर वेगळ्या एककात सांगतात. तिथल्या डॉक्टरने "६" म्हटले तर घाबरू नका, १८ ने गुणा, १०८ येतात. तिकडचे ३.९ म्हणजे आपले ७०.

प्रवास विमा घेताना मधुमेह लपवू नका. लपवला तर दावा नाकारला जाऊ शकतो.

दुकानात कधी यायचे

निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी या. चिठ्ठी, तिकीट आणि सध्या वापरत असलेली सिरिंज किंवा पेन आणा. आम्ही बाटलीचा आकडा आणि टोपणाचा रंग तुमच्यासमोर जुळवून देऊ, मीटरच्या पट्ट्यांची मुदत बघू आणि मीटरसाठी जादा सेल देऊ. जेल पॅक आदल्या रात्री घरच्या फ्रीझरमध्ये ठेवा.

परत आल्यावर उरलेले इन्सुलिन तसेच वापरायला घेऊ नका, आधी दुकानात दाखवा. स्वच्छ असायला हवे ते गढूळ झाले असेल किंवा त्यात गाठी दिसत असतील तर ते गेलेच. पण गोठून पुन्हा वितळलेले औषध पुष्कळदा नेहमीसारखेच दिसते, म्हणून ते कुठे कुठे, कशात ठेवले होते हेही आम्हाला सांगा.