दोन फेरे हाताने

घरी गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या क्रँक आणि कॅम या दोन दांड्यांना जोडणारा दातेरी पट्टा, बदलायला बसलात की पहिला घाम क्रँकच्या टोकावरच्या चाकाचा, म्हणजे क्रँक पुलीचा, बोल्ट काढतो. पान्याला लांब पाईप लावून जोर केला तरी बोल्ट जागचा हलत नाही, उलट अख्खं इंजिनच फिरू लागतं. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून कोणाला तरी ब्रेक दाबून बसवावं लागतं. बोल्टला पाना अडकवून स्टार्टर मारायची युक्तीही काही जण सांगतात. हात आणि दात शाबूत हवे असतील तर तिच्या नादी लागू नका. बोल्ट निघाला की बळाचं काम संपतं, पुढे सगळा हिशोब दात्यांचा.

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणारी किंवा धूर बाहेर सोडणारी झडप, एकदाच उघडतो. म्हणून या झडपा उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरायला हवा, आणि त्याच्या चाकाला दुप्पट दाते असतात. मारुती 800 च्या 796 सीसी इंजिनात हे जुळवून ठेवायचं काम असाच एक पट्टा करायचा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. किलोमीटरमागे क्रँकचे साधारण 3000 फेरे धरले, तर 60,000 किलोमीटरमध्ये 18 कोटी फेरे झाले. एवढं सोसणाऱ्या पट्ट्यात असतं काय, तर रबर, दात्यांवर नायलॉनचं कापड आणि आत काचेच्या धाग्यांचे दोर. हे दोर ताणले जात नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण काच ती काचच. नवा बेल्ट दुमडला, उलटा केला किंवा स्क्रूड्रायव्हरने रेटून चढवला, तर आतले धागे तुटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. तेलाचंही तसंच, त्याने रबर फुगतं. ऑइल सील पाझरत असेल तर आधी ते बदला. टेन्शनर (बेल्टला ताण देणारं चाक) आणि आयडलर (बेल्टला वाट दाखवणारं चाक), शिवाय पाण्याचा पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, आत्ताच बदललेला बरा. नाहीतर त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह जिथे उतरतो तिथेच पिस्टनही वर येतो, फक्त वेळा वेगळ्या. बेल्ट तुटला की या वेळा बिघडतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावं लागतं. म्हणून बेल्ट काढलेला असताना क्रँक किंवा कॅम, काहीच फिरवायचं नाही.

बेल्ट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वर आणा. इथे एक गंमत आहे. एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबताना आणि एकदा धूर बाहेर ढकलताना. क्रँकच्या चाकावरची जुळवणीची खूण दोन्ही वेळा जुळते, कॅमची मात्र एकदाच. त्यामुळे पुराव्याला कॅमची खूणही हवी. इंजिन नेहमी स्वतःच्या दिशेनेच फिरवा. बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, जुन्या होंडांपैकी बरीच उलट.

एक दाता चुकला तर काय होतं? क्रँकच्या चाकाला 20 दाते आहेत असं समजा. एक दाता म्हणजे क्रँकचे 18 अंश. गाडी सुरू होईलही, पण थरथरेल, ओढणार नाही, पेट्रोल जास्त पिईल.

बेल्ट क्रँकपासून चढवत जा. टेन्शनर नसलेली बाजू ताठ राहिली पाहिजे, सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला यावी. ताण गार इंजिनावरच का द्यायचा? ॲल्युमिनियमचं 400 मिलिमीटर इंजिन 80 अंशांनी तापलं की सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतं. क्रँक आणि कॅम तेवढे लांब जातात आणि बेल्ट आणखी ताणला जातो. गरम असताना नेमका बसवलेला बेल्ट गार झाल्यावर ढिला पडेल. जुने मेकॅनिक लांब बाजूचा बेल्ट दोन बोटांनी पिळून बघतात, जेमतेम काटकोनात वळला की ताण ठीक. अंदाज म्हणून हे उत्तम, पण माप गाडीच्या मॅन्युअलमधलंच घ्या.

आता पुलीचा बोल्ट तात्पुरता लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. एकाने भागत नाही, कारण एका फेऱ्यात कॅम अर्धाच फिरतो आणि त्याची खूण भलतीकडे असते. स्पार्क प्लग आधीच काढून ठेवा. नाहीतर दाबलेल्या हवेचा अडथळा आणि व्हॉल्व्ह-पिस्टनची टक्कर यांतला फरक हाताला कळणार नाही. कुठे ठक्क अडलं तर जोर करू नका, बेल्ट काढून पुन्हा जुळवा. दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा समोरासमोर आल्या की झाकण लावा, पुली बसवा आणि तो हट्टी बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या मापाला आवळा. काही गाड्यांत तो एकदाच वापरायचा असतो, तेव्हा बेल्टबरोबर नवा बोल्टही आणलेला असू द्या.