बाकीच्यांना किती पडले?

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो आणि सव्वा वाजेपर्यंत घरातला प्रश्न बदललेला असतो. ‘किती पडले?’ मागे पडतं आणि ‘बाकीच्यांना किती?’ सुरू होतं. असं विचारणारी माणसं वाईट नसतात. स्वतःची कुवत मोजायला पक्कं माप नसलं की माणूस दुसऱ्याकडे बघतो, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडलं होतं. पण परीक्षेत तर माप असतं. प्रमेय सिद्ध करता आलं की नाही, ते उत्तरपत्रिकेत दिसतंच. तरीही पुढच्या प्रयोगांत आढळलं, की स्वतःचे नेमके गुण ठाऊक असतानाही आपण सरासरीच्या वर आहोत की खाली, यावर माणसाचं समाधान कमी-जास्त होतं.

याचा सर्वांत भक्कम पुरावा हर्बर्ट मार्श यांच्या संशोधनातून मिळतो. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. एक साध्या शाळेत आणि दुसरं निवडक हुशार मुलांच्या शाळेत. दुसऱ्याचा अभ्यासातला आत्मविश्वास बहुधा कमी निघतो. तळं मोठं झालं की तोच मासा स्वतःला लहान समजू लागतो. मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००३ साली २६ देशांतल्या, पंधरा वर्षांच्या एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हाही एकूण चित्र हेच दिसलं.

आपल्याकडे हे लातूरला जाणाऱ्या मुलांना विचारा. तालुक्यात पहिली आलेली मुलगी तिथल्या नामांकित कॉलेजात पोचते, तर आजूबाजूच्या बाकांवरही कुठल्या ना कुठल्या तालुक्यातले पहिलेच बसलेले. तिचं फिजिक्स दहावीपेक्षा कितीतरी पक्कं होत असतं आणि त्याच महिन्यांत ती घरी फोन करून सांगते, ‘मला फिजिक्स जमत नाही.’ जे रोज वाढतंय तेच तिला दिसेनासं व्हावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग अभिमान वाटूच द्यायचा नाही का? उलट, वाटायलाच हवा. जेसिका ट्रेसी आणि रिचर्ड रॉबिन्स यांनी २००७ साली दाखवलं, की अभिमान दोन प्रकारचा असतो. एक ‘मी यासाठी राबलो’ या जाणिवेतून येतो आणि त्याचं नातं चिकाटीशी नि निरोगी आत्मसन्मानाशी दिसतं. दुसरा ‘मी आहेच असा भारी’ या भावनेचा. त्याच्यासोबत गर्विष्ठपणा येतो आणि आश्चर्य म्हणजे, आत्मसन्मान बऱ्याचदा डळमळीत असतो.

शिक्षकांसाठी रूथ बटलर यांचा १९८८ सालचा इस्रायलमधला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. पाचवी-सहावीच्या काही मुलांना कामावर नुसते गुण दिले, काहींना नुसता लेखी शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांची गोडी टिकली आणि कामही सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना मात्र तो फायदा झाला नाही. आकडा समोर आला की शेऱ्याचं काही चालत नाही.

एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेनचा पर्सेंटाइल तर निव्वळ तुलनेचाच आकडा आहे. ९२ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी ९२ टक्के जण तुमच्याइतके किंवा तुमच्या खाली. जागा मोजक्या असल्यामुळे प्रवेशाची रांग लावायला तो लागतो, हे मान्य. पण फिजिक्समधलं रोटेशनल डायनॅमिक्सचं प्रकरण किती समजलं, हे त्यातून कळत नाही. तुम्ही वर्षभरात कुठून कुठे आलात, हेही नाही.

ते कळायला दुसरीच कागदपत्रं लागतात. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत बोर्डाकडून मागवता येते. ती बहुतेक जण गुण वाढतील या आशेने मागवतात, पण ती प्रीलिमच्या पेपरशेजारी ठेवून बघा. तेव्हा कोरं सोडलेलं प्रकरण आता कुठे सुटलं, आकृती कुठे नीट आली, कोणती चूक अजून तशीच आहे, हे ओळीओळीने दिसतं. आईबाबांनी तिथे बोट ठेवून विचारावं, ‘हे कसं जमवलंस?’ मुलगा उत्तर देईल ते पहाटेच्या सरावाचं, तीनतीनदा सोडवलेल्या गणितांचं, सरांना विचारलेल्या शंकांचं असेल. राबण्यातून येणारा अभिमान नेमका अशाच तपशिलांवर उभा राहतो, आणि त्यासाठी शेजारच्या घरातला निकाल ठाऊक असावा लागत नाही.