बंद बरणीतील जलपरिसंस्था

बंद बरणीतील जलपरिसंस्था : तळ्याचे किंवा डबक्याचे पाणी, थोडा गाळ आणि पाणवनस्पती काचेच्या बरणीत भरून तिचे तोंड हवाबंद केले असता आत नांदणारी लहान जलजीवांची सृष्टी. प्रकाश व उष्णता काचेतून ये-जा करतात. पाणी, हवा, क्षार व अन्न यांची देवाणघेवाण मात्र थांबते. म्हणून तिला ‘द्रव्यदृष्ट्या बंद, ऊर्जादृष्ट्या खुली’ परिसंस्था म्हणतात. ऊष्मागतिकीत ‘बंद’ आणि ‘विलग’ या दोन वेगळ्या संज्ञा आहेत. विलग प्रणालीत ऊर्जेलाही वाव नसतो. उष्णतेची ये-जा सोडली तर अंधाऱ्या कपाटात ठेवलेली बरणी विलग प्रणालीच्या जवळ जाते आणि तिच्यातील हिरवी वनस्पती लवकरच मरते. ज्या बरणीवर फडके बांधले आहे किंवा झाकण नुसते टेकवले आहे, ती काटेकोर अर्थाने या नोंदीत येत नाही. हा भेद अनेक लेखनांत पाळलेला दिसत नाही. या प्रयोगाच्या उगमाविषयीचा बराचसा घोळ त्यातूनच झाला आहे.

उगम : पहिली बंद बरणी कोणाची, याचे उत्तर ‘बंद’ या शब्दाचा अर्थ किती ताणायचा यावर ठरते. सर्वांत जुना दाखला डच भिंगकार आंतोनी फान लेव्हेनहूक यांचा. १६८० मध्ये त्यांनी कुटलेली मिरी व पावसाचे पाणी दोन काचनळ्यांत भरले. एक नळी उघडी ठेवली आणि दुसरीचे तोंड आचेवर वितळवून बंद केले. काही दिवसांनी बंद नळी फोडली, तेव्हा आतला द्रव वायूच्या दाबाने बाहेर उसळला आणि त्यात त्यांना हालते सूक्ष्मजीव दिसले. हवेवाचून जीव जगतील हे त्यांनाच अनपेक्षित होते. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी १९१३ मध्ये हा प्रयोग पुन्हा करून ते विनॉक्सिजीवी (ऑक्सिजनवाचून जगणारे) जंतू असल्याचे दाखवले. नळी खरोखर हवाबंद होती, निरीक्षणही झाले. पण आत ऑक्सिजन निर्माण करणारे कोणी नव्हते. तो किण्वनाचा (आंबण्याचा) प्रयोग होता. आदानप्रदानाचे चक्र त्यात नव्हते.

चक्राची कल्पना पुढच्या शतकात आली. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये लीड्स येथे मेणबत्ती जाळून ‘बिघडवलेल्या’ बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. हे घडायला प्रकाश लागतो, ही महत्त्वाची दुरुस्ती यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये केली. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे जमतात व सावलीत थांबतात, हे त्यांचे निरीक्षण. शाळेत हायड्रिला, नरसाळे आणि उपडी परीक्षानळी घेऊन करतात तो प्रयोग याच घराण्यातला.

लोकप्रिय लेखनात उगमाचा मान बहुधा लंडनचे वैद्य नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांना मिळतो. पतंगाचा कोष ओलसर मातीत पुरून त्यांनी बाटली बंद केली आणि त्या मातीत नेचा व गवत उगवलेले त्यांना दिसले. हे १८२९ च्या सुमारास घडले. पुढे काचपेट्यांतून रोपे दूरदेशी धाडण्याची पद्धत त्यातून निघाली. चीनमधला चहा भारतात आला तो अशाच पेट्यांतून. पण वॉर्ड यांचा प्रयोग जमिनीवरच्या वनस्पतींचा होता, आणि त्यांच्या पेट्या पूर्ण हवाबंद नव्हत्या.

पाण्याच्या बाबतीत रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा १८५० चा निबंध अधिक महत्त्वाचा आहे. सुमारे १२ गॅलनच्या भांड्यात त्यांनी सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर हिरवा थर आला. मग त्यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजका पाला आणि शेवाळ खाल्ले, माशांना त्यांची अंडी अन्न म्हणून मिळाली आणि पाणी निवळले. वनस्पती आणि प्राणी या दोघांवर चक्र पुरे होत नाही, सडके खाणारा तिसरा लागतो, ही गोष्ट येथे प्रथम स्पष्ट झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालय १८५३ चे आणि फिलिप हेन्री गॉस यांनी ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला तो १८५४ मध्ये. वॉरिंग्टन यांचे भांडेही हवाबंद नव्हते. तरीही आजच्या बरणीमागचे तत्त्व त्यांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्स्की यांचा चिखलाचा स्तंभ (१८८० चे दशक) कधीकधी याच परंपरेत मोजतात. उंच काचपात्रात चिखल, कागदासारखे सेल्युलोजयुक्त पदार्थ आणि गंधकाचा एखादा स्रोत घालून ते उजेडात ठेवले की काही आठवड्यांत थर पडतात : तळाशी काळा, त्यावर हिरव्या व जांभळ्या गंधकजंतूंचे पट्टे, वर शैवाल. तो बरणीचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ खरा. बरणीच्या गाळात काचेलगत जांभळट डाग दिसला, तर त्याचा अर्थ या स्तंभावरून लावता येतो.

काटेकोर बंद जलपरिसंस्थेचा अभ्यास हवाई विद्यापीठातील क्लेअर फोल्सम यांच्यापासून सुरू झाला, याविषयी फारसा वाद नाही. १९६७-६८ च्या सुमारास त्यांनी समुद्राचे पाणी, वाळू, शैवाल व जंतू काचपात्रांत मोहोरबंद करून उजेडात ठेवले. त्यांतील काही पात्रे अनेक वर्षे जिवंत राहिली. याच काळात अमेरिकेत फ्रीडा टॉब या गोड्या पाण्यातील प्रमाणित सूक्ष्म परिसंस्थांवर काम करीत होत्या. त्यांनी १९७४ मध्ये बंद परिसंस्थांचा समीक्षात्मक आढावा घेतला. फोल्सम आणि जो हॅन्सन यांच्या १९८६ च्या लेखाने ‘द्रव्यदृष्ट्या बंद’ ही संज्ञा पक्की केली.

बरणीतील व्यवहार : एक लिटरच्या बरणीत ७०० मिलि. पाणी व ३०० मिलि. हवा ठेवली, तर २५° से. तापमानाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ६ मिग्रॅ. असतो. वरच्या हवेत मात्र सुमारे ८० मिग्रॅ. असतो. काठोकाठ भरलेली बरणी पहिल्याच रात्री का दगावते, ते या दोन आकड्यांवरून कळते. दिवसा वनस्पती ऑक्सिजन देतात, पण रात्री वनस्पतींसह सगळेच श्वसन करतात. पाणी तापले की विरघळलेला ऑक्सिजन आणखी घटतो (३५° से. ला लिटरमागे सुमारे ७ मिग्रॅ.) आणि त्याच वेळी जीवांची भूक वाढते. वैशाखात पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली बरणी तासाभरात शिजू शकते. उत्तरेचा स्थिर उजेड बरा.

नायट्रोजनचा व्यवहार कमी दिसतो, पण जास्त मारतो. मृत जीव आणि विष्ठा यांपासून अमोनिया सुटतो. जंतू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. वनस्पती ते शोषतात. भर उन्हात वनस्पती पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे पाणी अल्कधर्मी होते आणि त्या स्थितीत अमोनियाचा विषारी अंश वाढतो. बरणी हिरवीगार दिसत असताना आतले कवचधारी (जलपिसवांसारखे जीव) एकाएकी मेले, तर इतर कारणांबरोबर याचाही संशय घ्यावा.

काय दिसते : साधे १० पटींचे भिंग आणि रात्री एका बाजूने धरलेली विजेरी एवढ्यावर बहुतेक काम भागते. विजेरीकडे काही जीव धावतात, काही पळतात. एवढ्यावरूनही ओळखीला सुरुवात होते. झटक्याझटक्याने सरकणारा, शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबणारा तो सायक्लॉप्स. महाराष्ट्रातील मागच्या पिढ्यांना त्याची ओळख नारू रोगाचा वाहक म्हणून आहे. नारूच्या अळ्या त्याच्या शरीरात वाढत आणि पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात जात. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मधला. २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. बरणीतला सायक्लॉप्स आज निरुपद्रवी आहे, तरी हे पाणी तोंडात जाऊ देऊ नये.

उड्या मारीत वर-खाली होणारी ती जलपिसू. आपल्याकडच्या उबदार पाण्यात डॅफ्नियापेक्षा मोइना हा तिचा लहान नातलग अधिक वेळा भेटतो. कवच पारदर्शक असल्याने धडधडणारे हृदय, हिरवे आतडे आणि पाठीकडच्या पोकळीतील पिले भिंगातूनही दिसतात. अन्न मुबलक असताना माद्या नराविना माद्यांनाच जन्म देतात. गर्दी व उपासमार झाली की नर निपजतात आणि गडद कवचातली टिकाऊ अंडी गाळात जाऊन बसतात. ऑक्सिजन कमी झाला की काही जलपिसवा हीमोग्लोबिन वाढवून तांबूस होतात. संपूर्ण बरणीत ऑक्सिजनमापक म्हणावे असे हे एकच जिवंत उपकरण आहे, आणि फुकटचे.

मोहरीच्या दाण्यासारखे गाळावर लोळणारे शिंपलीधारी (ऑस्ट्रॅकोड) सगळ्यांत चिवट. काचेला चिकटून शुंडके पसरणारा जलव्याल (हायड्रा), सपाट देहाने सरपटणारा प्लॅनेरिया, शेपटीचे टोक गाळाबाहेर हलवणारे ट्यूबिफेक्स कृमी आणि गोगलगायी हेही सर्रास आढळतात. रोटिफर, पॅरामिशियम व व्होर्टिसेला यांसाठी सूक्ष्मदर्शक हवा. चतुराची अळी पाण्यासोबत आली असेल तर ती सर्वांना खाऊन मग स्वतः उपाशी मरते. तिला आधीच बाहेर काढावे. मासा तर घालूच नये.

सह्याद्रीच्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) पावसाळ्यात भरणारी उथळ डबकी या दृष्टीने विशेष आहेत. तेथील परीकोळंब्यांची (फेअरी श्रिंप) अंडी उन्हाळाभर कोरड्या मातीत तग धरतात आणि पाणी मिळताच काही दिवसांत फुटतात. स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस ही त्यांची जाती २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रथम वर्णिली. कोरडी माती घरी भिजवून हा जन्म पाहता येतो. मात्र संरक्षित क्षेत्रातून माती उचलू नये, आणि परीकोळंबी बंद बरणीत फार दिवस टिकत नाही.

समतोलाचा प्रश्न : अशा बरणीला ‘समतोल साधलेले छोटे जग’ म्हणण्याची प्रथा आहे. निरीक्षणांशी ती फारशी जुळत नाही. सामान्यतः पहिल्या काही दिवसांत गाळ बसतो, पुढच्या आठवड्यांत जलपिसवांचा सुकाळ होतो, मग त्या कोसळतात. पुढे शिंपलीधारी, कृमी आणि रोटिफर उरतात. अखेरीस शैवाल व जंतू. मोठे जीव जातात आणि लहान उरतात, अशी ही उतरंड आहे. समतोल असलाच तर तो उतरंडीच्या तळाशी आहे. फोल्सम यांची दीर्घायुषी पात्रेही मुख्यतः शैवाल व जंतूंचीच होती, हे सांगायचे राहून जाते.

हाच मुद्दा शोभेच्या मोहोरबंद काचगोलकांना लागू पडतो. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील हॅन्सन यांच्या कामातून ते पुढे आले आणि १९८० च्या दशकापासून बाजारात आहेत. त्यांत हवाई बेटांवरील मचूळ कुंडांतली हॅलोकॅरिडिना रुब्रा ही तांबडी, सेंटिमीटरभराची कोळंबी असते. विक्रेते गोलकाला स्वयंपूर्ण म्हणतात. टीकाकारांच्या मते कोळंबीची ती संथ उपासमार आहे : खुल्या संगोपनात दशकभर किंवा त्याहून अधिक जगणारा हा प्राणी गोलकात बहुधा काही वर्षांत संपतो आणि तेथे त्याची वीण सहसा होत नाही. हे दुसरे मत टाळता येण्यासारखे नाही.

अवकाशप्रवासासाठी या तत्त्वाची चाचणी झाली आहे. जर्मन बनावटीचे एक बंद जलपात्र १९९८ मध्ये स्पेस शटलच्या दोन उड्डाणांत नेले होते; त्यात स्वोर्डटेल मासे, गोगलगायी व सेरॅटोफायलम ही पाणवनस्पती होती. माणसांना आत ठेवून केलेल्या मोठ्या प्रमाणावरील प्रयोगांत सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथील बायॉस-३ (१९७२) आणि अ‍ॅरिझोनातील बायोस्फीअर-२ (१९९१–९३) यांची नावे घेतात. दुसऱ्यात हवेतील ऑक्सिजन २०·९ टक्क्यांवरून सुमारे १४·५ टक्क्यांवर उतरला. सुपीक मातीतील जंतूंनी तो वापरला आणि त्यातून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड काँक्रीटने शोषला, असे निदान झाले. जास्त गाळ भरलेली बरणी बिघडते तीही याच पहिल्या कारणाने.

खबरदारी : गाळ बोटभर पुरे, वनस्पती थोडी जास्त चालते. नळाचे पाणी घ्यायचे तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते दिवसभर उघडे ठेवतात. झाकण उघडून वास घेता येत नसल्याने काळसर पाणी व काचेवरचा पांढुरका साय हीच बिघाडाची लक्षणे धरावी लागतात. झाकण सैल राहिले तर बरणी डासांचे घर होते. डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळणाऱ्या घरात तिला मग जागा नाही. प्रयोग संपल्यावर बाजारातून आणलेल्या पाणवनस्पती ओढ्यात वा तळ्यात टाकू नयेत, त्या वाळवून नष्ट कराव्यात. पुण्याच्या मुळा-मुठेत दरवर्षी माजणारी जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेसाठी आणलेली वनस्पती आहे.