ला फोलिया (व्हिवाल्दीचा ट्रायो सोनाटा)

इटालियन संगीतकार अंतोनियो व्हिवाल्दी (१६७८–१७४१) याची दोन व्हायोलिन आणि कंटिन्युओ (मंद्र स्वरांची साथ) यांच्यासाठीची, डी मायनर या स्वरपट्टीतील रचना. र्‍योमच्या व्हिवाल्दी-रचनांच्या सूचीत तिचा क्रमांक ६३ आहे. व्हिवाल्दीचा पहिला प्रकाशित संच (ओपस १) म्हणजे बारा ट्रायो सोनाटा. तो १७०५ मध्ये व्हेनिसचा प्रकाशक ज्युझेप्पे साला याने छापला. ‘ला फोलिया’ हा त्यातला शेवटचा सोनाटा. व्हिवाल्दी तेव्हा धर्मगुरू झालेला होता आणि व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमातील मुलींना १७०३ पासून व्हायोलिन शिकवत होता.

ट्रायो म्हटले तरी मंचावर बहुधा चार वादक दिसतात. लिहिलेल्या ओळी तीनच: वरच्या दोन व्हायोलिनच्या, खालची मंद्र स्वरांची. ही खालची ओळ चेलो वाजवतो आणि हार्पसिकॉर्ड या जुन्या पट्टीवाद्याचा वादकही तीच डाव्या हाताने वाजवत उजव्या हाताने स्वरसंगती भरतो. कोणते स्वर भरायचे याची खूण ओळीजवळच्या आकड्यांत असते, बाकी त्याच्या सूचण्यावर. व्हिवाल्दीच्या शीर्षकपृष्ठावर मंद्र वाद्यासाठी ‘व्हिओलोने (गजाचे मोठे मंद्र वाद्य) किंवा हार्पसिकॉर्ड’ असा पर्याय आहे. आज सहसा दोन्ही प्रकारची वाद्ये घेतात, कधी जोडीला थिऑर्बो (लांब मानेचे छेडायचे तंतुवाद्य) किंवा गिटारही.

फोलिया हे मुळात आयबेरियन द्वीपकल्पातले नृत्यगीत. १५७७ मध्ये सालिनास या स्पॅनिश पंडिताने ते पोर्तुगीजांचे म्हणून नोंदवले आहे. सतराव्या शतकात त्याची चाल संथ झाली आणि तीन मात्रांच्या सोळा मापांचा साचा पक्का झाला. पहिली आठ मापे अधांतरी थांबतात, पुढची आठ षड्जावर येतात. तबल्याच्या एकलवादनात नगमा फिरत राहावा तसा हा साचा फिरतो आणि वादक त्यावर नवनवे काम करतात. १७०० मध्ये इटालियन व्हायोलिनवादक-संगीतकार आर्कांजेलो कोरेल्लीने आपल्या ओपस ५ चा शेवट याच चालीने केला होता. व्हिवाल्दीनेही तिला शेवटचीच जागा दिली. हा योगायोग मानणे अवघड आहे.

संचातील इतर सोनाटांत नृत्यप्रकारांचे वेगवेगळे भाग आहेत. इथे एकच सलग प्रवाह: मूळ चाल आणि तिची एकोणीस रूपे. स्वराधार शेवटपर्यंत डी मायनरच, त्यामुळे वैविध्याचा सगळा भार लयीवर आणि गजावर. दोन्ही व्हायोलिन समान दर्जाची. एकाने फेकलेला तुकडा दुसरे लगेच उचलते, कधी दोघे जोडीने धावतात. मध्येच संथ, गाती रूपे येतात. काही ठिकाणी चेलोलाही द्रुत काम करावे लागते. उरलेले सोनाटे बरेचसे कोरेल्लीच्या वाटेने जाणारे आहेत. पुढे कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचना) लिहिणारा व्हिवाल्दी प्रथम दिसतो तो इथे.

ध्वनिमुद्रण शोधताना मात्र गल्लत होते. कोरेल्लीच्या फोलियावरून जेमिनियानी या संगीतकाराने तंतुवाद्यवृंदासाठी केलेला कॉन्चेर्तो ग्रोसोही (छोटा वादकगट आणि वृंद यांची रचना) याच नावाने मिळतो.