नेटिव्ह पोलीस की ट्रॅकर? वसाहतकाळातल्या ऑस्ट्रेलियावरची कादंबरी लिहिताना

एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रेलियावरच्या कादंबरीत गोऱ्या अंमलदाराच्या पुढे चालणारा, पोलिसाच्या कोटातला मूळनिवासी माणूस हमखास भेटतो. तो नेटिव्ह पोलिसातला शिपाई आहे की माग काढणारा ट्रॅकर, हे मात्र अनेकदा लेखकानेच ठरवलेलं नसतं. या दोघांचा मुलूख, हत्यार आणि हातून झालेली कृत्यं इतकी वेगळी आहेत की इथे गफलत झाली तर पात्राचा सगळा स्वभावच चुकतो.

नेटिव्ह पोलीस ही हत्यारबंद घोडेस्वारांची पलटण होती. हिंदुस्थानातल्या शिपाई पलटणींचा नमुना तिच्या कर्त्यांच्या डोळ्यासमोर होता. पोर्ट फिलिपमध्ये, म्हणजे आजच्या व्हिक्टोरियात, १८४२ साली हेन्री डेनाने उभी केलेली तुकडी दहा-अकरा वर्षांत मोडली. पण १८४८ मध्ये फ्रेडरिक वॉकरने मरे आणि मरम्बिजी नद्यांकडच्या भागातले १४ तरुण निवडले, त्यांना शेकडो किलोमीटर उत्तरेला नेलं, आणि पुढे तीच पद्धत पडली. १८५९ मध्ये क्वीन्सलँड न्यू साउथ वेल्सपासून वेगळं झालं आणि ही पलटण त्या सरकारकडे गेली.

शिपाई मुद्दाम दूरचे घेत. ज्यांच्यावर गोळी झाडायची त्यांच्याशी नातं नको, भाषा नको, आणि पळून जायचं तर वाटेत परका मुलूख. आपल्याकडे आउटराम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये खानदेशात उभारलेली भिल्ल पलटण त्याच भागातल्या भिल्लांची होती. क्वीन्सलँडचं गणित नेमकं उलटं होतं. म्हणून नेटिव्ह पोलिसातला शिपाई स्थानिक बोली सफाईने बोलतो, प्रत्येक ओढ्याचं नाव सांगतो, असं लिहिलं की प्रसंग तिथेच फसतो. त्याला जंगल कळतं, पण ते जंगल त्याचं नसतं. इतकं करूनही शिपाई पळून जातच, कित्येकदा बंदुकीसकट.

एका तुकडीत एक गोरा अधिकारी आणि साधारण सहा-आठ शिपाई असत. दाट झाडीत शिरताना शिपाई गणवेश उतरवून ठेवत आणि फक्त टोपी व बंदूक घेऊन पुढे जात. हत्याराचं साल नीट सांभाळा. १८५० च्या दशकात त्यांच्याकडे ठासणीची कार्बाइन, म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक, होती: दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, बार पेटवणारी टोपी बंदुकीला चढवायची, आणि हे सगळं बिचकणाऱ्या घोड्याच्या पाठीवर. दुसरा बार उडेपर्यंत समोरच्याला भाले फेकायला भरपूर वेळ मिळे. १८७० च्या दशकात मागून काडतूस घालायची स्नायडर बंदूक आली आणि हा तोल पार गेला. १८५५ च्या प्रसंगात धडाधड गोळ्या झाडणारी तुकडी दाखवली की जाणत्याला लगेच कळतं. हल्ल्यानंतरच्या अहवालात ‘जमाव पांगवला’ एवढंच लिहून भागे. मेलेल्यांचा आकडा सहसा नसे, म्हणून सरकारी कागदांवर विसंबून लिहिलेली कादंबरी नकळत अधिकाऱ्याच्याच बाजूची होते.

ट्रॅकर म्हणजे बहुधा एका पोलीस ठाण्याला जोडलेला एकटा-दुकटा माणूस. हरवलेली मुलं, चोरीची जनावरं, पळालेला कैदी हे त्याचं काम. पाऊलखुणा दिसायला कलतं ऊन लागतं, म्हणून सकाळ आणि संध्याकाळ मोलाची. भर दुपारी सावल्याच नसतात. उलटलेल्या दगडाची खालची बाजू ओली आहे का, ठशाची कड ढासळली आहे का, ठशावरून रात्रीतून किडे चालून गेले आहेत का, यावरून वेळ ठरते. माग बिघडतो तो पावसाने, वाऱ्याने, आणि सगळ्यात जास्त मदतीला धावलेल्या घोडेस्वारांमुळे.

ऑगस्ट १८६४ मध्ये व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात डफ कुटुंबातली तीन लहान मुलं झुडपांच्या काटक्या आणायला गेली आणि हरवली. घोड्यांवरून शोधणाऱ्यांना यश येईना, त्यात वादळी पाऊस झाला. मग मूळनिवासी ट्रॅकर आणले आणि नवव्या दिवशी मुलं जिवंत सापडली. त्या ट्रॅकरांपैकी डिक-अ-डिक १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या मूळनिवासी क्रिकेट संघातून खेळला. अशा माणसाला कादंबरीत ‘पोलिसाचा काळा नोकर’ एवढीच ओळख देणं मला अक्षम्य वाटतं.

कोर्टाच्या प्रसंगातही जपा. न्यू साउथ वेल्समध्ये १८७६ पर्यंत ख्रिस्ती शपथ न घेऊ शकणाऱ्या मूळनिवाशाची साक्ष चालत नसे. १८३८ च्या मायल क्रीक हत्याकांडात निदान २८ मूळनिवासी मारले गेले; खटला उभा राहिला तो जॉर्ज अँडरसन या, शिक्षा भोगताना नोकरीला लावलेल्या गोऱ्या कैद्याच्या साक्षीवर. ट्रॅकरने काय पाहिलं हे कोर्टात सांगायला सोबतचा गोरा पोलीसच उभा करावा लागतो.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो नेड केली या दरोडेखोराच्या कथेत. १८७९ मध्ये सब-इन्स्पेक्टर ओ’कॉनर ज्यांना घेऊन व्हिक्टोरियात आला, त्यांना सगळे ट्रॅकर म्हणतात. काम मागाचंच होतं, पण ते क्वीन्सलँडच्या नेटिव्ह पोलिसातले शिपाई होते. जून १८८० मध्ये पोलिसांनी केलीच्या टोळीला ग्लेनरोवनला घेरलं, तेव्हा ते हजर होते. पुढे त्यांच्या वाट्याचं इनाम त्यांच्या हाती दिलं गेलं नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियात ही सीमा आणखी पुसट होते. किंबर्लीतला जांदामारा बुनुबा जमातीचा. त्याला पोलिसांनी त्याच्याच मुलखात, त्याच्याच माणसांच्या मागावर लावलं. १८९४ मध्ये त्याने कॉन्स्टेबल रिचर्डसनला ठार करून साखळदंडातले आपले लोक सोडवले. त्यानंतर पोलिसांनी बुनुबांशी नातं नसलेला मिकी हा ट्रॅकर लावला, आणि १ एप्रिल १८९७ रोजी टनेल क्रीकपाशी जांदामारा मिकीच्याच गोळीने पडला.